यकृताचे खंड नेमके किती?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये कधी 'उजवा लोब' असतो, तर कधी 'सेगमेंट सहा'. यकृत तेच, पण त्याच्या वाटण्या दोन आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

'लोब' म्हणजे खंड, हा मूळचा ग्रीक शब्द. कानाची पाळी, यकृताची पाळी आणि शेंग, तिन्हींना तो चाले. बळी दिलेल्या जनावराच्या यकृतावरून ग्रीक शकुन पाहत आणि त्यात पाळी नसली तर मोठा अपशकुन मानत. स्पार्टाचा राजा आगेसिलाउस याच्या स्वारीत असंच यकृत निघालं. त्याने पुढची चाल सोडली आणि समुद्राकडे माघार घेतली.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन याने माकडं, डुकरं फाडून शरीररचना लिहिली. त्याच्या परंपरेत माणसाच्या यकृतालाही पाच पाळ्या चिकटल्या, जठराला पाच बोटांनी धरल्यासारख्या. हे सगळं जनावरांवरून उचललेलं. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसेलियसने 1538 च्या तक्त्यांत तेच पाच पाळ्यांचं यकृत काढलं. 1543 च्या ग्रंथात मात्र त्याने ते सोडून दिलं. तोवर पुरेशी मानवी प्रेतं त्याच्या टेबलावर येऊन गेली होती.

पुढे समोरून दिसणारा विळ्याच्या आकाराचा बंध हीच सीमा ठरली. त्याच्या उजवीकडे मोठा खंड, डावीकडे छोटा, आणि खालच्या बाजूला आणखी दोन चिमुकले. पाठ्यपुस्तकांत हेच चार.

1897 मध्ये जेम्स कँटली या स्कॉटिश डॉक्टरने हा हिशेब मोडला. त्याने पाहिलेल्या एका शवात यकृताची उजवी बाजू आक्रसली होती, डावी फुगली होती, आणि दोन्हींमधली सीमा बंधावर नव्हतीच. ती पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे जात होती. निरोगी यकृताच्या पृष्ठभागावर या रेषेची खूणही नसते.

मग शोध आतून सुरू झाला. वाहिन्यांत प्लास्टिक भरायचं, मांस आम्लात विरघळवायचं. उरतो तो झाडासारखा साचा. प्रत्येक मोठी फांदी स्वतःपुरता भाग पोसते हे त्यात डोळ्यांना दिसतं. फ्रान्सचा शल्यचिकित्सक क्लोद क्विनो याने 1957 मध्ये असे आठ सेगमेंट मांडले. शल्यचिकित्सक आज त्यांच्याच क्रमांकांनी बोलतात.

फुप्फुसांत एवढा गोंधळ झाला नाही. तिथे खऱ्याखुऱ्या भेगा आहेत. उजवीकडे तीन खंड, डावीकडे दोन. मेंदूचं प्रकरण मजेशीर आहे. त्याच्या खंडांची फ्रंटल, पॅरायटल, टेम्पोरल, ऑक्सिपिटल ही नावं मुळात मेंदूची नव्हेतच, ती त्यावरच्या कवटीच्या हाडांची. पॅरायटल आणि ऑक्सिपिटल यांच्यामधली सीमा तर बाहेरच्या अंगाला बरीचशी कल्पनेनेच ओढावी लागते.

कँटलीने बाद ठरवलेली रेषा मात्र पुसली गेली नाही. लहान मुलाला आईवडिलांच्या यकृताचा तुकडा देताना बहुतेकदा दोन आणि तीन क्रमांकाचे सेगमेंट काढतात. त्यांची सीमा म्हणजे तोच विळ्यासारखा बंध, आणि काप त्याच्या कडेकडेने जातो.