पार्श्वभूमी: बेपत्ता जोडीदार आणि सात वर्षांची अट

‘नष्टे मृते’ (नवरा हरवला, मेला तर) म्हणत पराशरस्मृती या जुन्या धर्मग्रंथाने हरवलेल्या नवऱ्याच्या बायकोला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवली होती. जोडीदार हरवण्याच्या टीव्हीवरच्या रहस्यपटाचा साचा मात्र परका. 1960 च्या एका फ्रेंच नाटकात हरवलेली बायको परत येते आणि नवरा म्हणतो, ही माझी बायकोच नव्हे. अमेरिकी टीव्हीने त्यावर 1969, 1976 आणि 1986 साली चित्रपट केले. पहिल्यात तर नवराच हरवला.

असं कथानक कोल्हापुरात बेतायचं तर रंकाळा, पंचगंगेचा घाट, मोरेवाडीची चित्रनगरी, सगळं हाताशी आहे. पोलीस ठाण्यात मिसिंग नोंदवतानाचा प्रसंगही जमून जातो: रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात चौकड्यांचा शर्ट. गाडी अडते ती सात वर्षांवर. ‘सात वर्षं झाली, माणूस मेला, विम्याचे पैसे सुटले’ असं पडद्यावर दाखवणं सोपं आहे.

1872 च्या पुरावा कायद्यात तसं नव्हतं. ज्यांना खबर असायला हवी त्यांनाच सात वर्षं काही कळलं नाही, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं, एवढंच. मेला कधी, यावर कायदा गप्प. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या वादात हेच ठाम केलं: अनुमान मृत्यूचं, तारखेचं नाही. मधल्या काळात हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि मृत्यू त्याआधीचा आहे हे घरच्यांना दाखवता आलं नाही, तर विम्याची पूर्ण रक्कम मिळत नाही. कायद्याच्या अंगाने निकाल चोख असेल. पण कमावता माणूसच गेलेल्या घराने हप्ते भरायचे कुठून? खरा थरार इथे आहे, आणि लेखक नेमका तोच वगळतात.

1 जुलै 2024 पासून नवा साक्ष्य कायदा आला, या नियमाचं कलम 108 चं 111 झालं, सात वर्षं तशीच राहिली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात याच मुदतीवर घटस्फोट मिळतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि राज्यभर त्याची दखल घेतली गेली. बेपत्ता माणसाच्या बायकोला मात्र विधवा म्हणवून घेण्यासाठीही आधी कोर्टात जावं लागतं, आणि तोवर हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे गल्लीच ठरवते.