मनगटाच्या ऑपरेशननंतर पुन्हा डोंगरात सायकल

दर पावसाळा संपला की आमच्या सायकलच्या दुकानात एक-दोघं तरी येतात. हातावर टाक्यांचा ताजा व्रण असतो, सायकल घरी धूळ खात असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "आता सुरू करू का?" कधी सुरू करायचं ते तुमचे डॉक्टर एक्स-रे बघून सांगतील, त्यात आम्ही पडणार नाही. त्यांनी हो म्हटल्यावर सायकल कशी असावी आणि पहिले काही महिने कुठे चालवावी, एवढ्यासाठी हे पत्रक.

सायकलवरून पडताना माणूस हात पुढे टाकतो. सगळं वजन तळहातावर येतं आणि हाड मोडलंच तर बहुतेक वेळा मनगटाजवळ रेडियस, म्हणजे कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने येणारं हाड, मोडतं. प्लेट-स्क्रू बसले की ते हाड साधारण सहा आठवड्यांत जुळायला लागतं. स्कॅफॉइड मोडलं असेल तर गोष्ट वेगळी. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो त्याच्या तळाशी हे काजूएवढं हाड असतं. त्याला रक्त येतं ते बोटांकडच्या टोकाने, त्यामुळे मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो आणि जुळायला कित्येकदा तीन महिने किंवा जास्तही लागतात. पहिल्या एक्स-रेत ही चीर कधीकधी दिसतही नाही. म्हणून पडल्यावर त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर "नुसतं मुरगळलंय" म्हणून लेप लावत बसू नका.

हाड जुळलं म्हणजे पक्कड आली असं नाही, हे स्वतःच्याच हातावर शिकलो. साताऱ्याहून वर जाणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर बारीक खडी पसरली होती. पुढचं चाक घसरलं, उजवा हात खाली आला आणि रेडियसला प्लेट बसली. चौथ्या महिन्यात हात अगदी बरा वाटत होता. समर्थ मंदिरापासून वर यवतेश्वरपर्यंत मजेत गेलो, काही दुखलं नाही. उतरताना मात्र निम्म्या घाटात बोटं ब्रेकवर टिकेनात. खाली येऊन टपरीवर थांबलो तर चहाचा कप उजव्या हाताने उचलवेना, बशीवर खडखड वाजत होता. हाडाचं काही बिघडलं नव्हतं. दंडापासून खाली सगळे स्नायू दमले होते.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो: आधी चढ, उतार मागाहून. बसून चढ चढताना काम पायांचं असतं, हात नुसता हँडलवर ठेवायचा. उतारावर अंगाचं वजन पुढे येतं, खड्ड्यांचे हादरे तळहातात शिरतात आणि शिवाय सतत ब्रेक दाबायचा असतो. म्हणून पहिले काही आठवडे वर सायकलने जा आणि खाली कुणाच्या तरी गाडीतून सायकल टाकून या. लाज वाटायचं कारण नाही. आम्ही स्वतः टेम्पोतून उतरलो आहोत.

उताराला हात तयार झाला की नाही, हे घरीच कळतं. ओला टॉवेल कोरडा होईस्तोवर पिळता येतो का? चार माणसांची कणीक त्या हाताने मळून होते का? भिंतीला, मग ओट्याला, मग जमिनीवर हात टेकून जोर काढता येतात का? जमिनीवरचे दहा जोर न दुखता निघेपर्यंत खडकाळ उतार नको.

आता सायकल. हात सायकलला जुळवून घेईल या भरवशावर राहू नका, सायकल हाताला जुळवा. बहुतेक कामं पान्याने होतात, नवीन काही घ्यावं लागत नाही. तुम्ही आलात की आम्ही सायकल स्टँडवर घट्ट धरतो, तुम्हाला वर बसवतो आणि डोळे मिटून हात हँडलवर टाकायला सांगतो. बोट जिथे पडेल तिथे लिव्हरवर खडूने खूण करतो. कोपरापासून बोटापर्यंत सरळ रेघ दिसली पाहिजे. लिव्हर फार खाली असेल तर मनगट पुढे मुडपतं, फार वर असेल तर मागे वाकतं, आणि दोन्हींत प्लेटवर ताण येतो. मग लिव्हर थोडा आत, मधल्या बाजूला सरकवतो. त्याने एकच बोट लिव्हरच्या टोकाशी येतं आणि कमी जोरात ब्रेक लागतो. वायरचे ब्रेक असतील तर वायर आणि नळी बदलून घ्या. जुनी वायर गंजली की सगळा भार बोटांवर येतो. खर्च करायचाच असेल तर तो तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकवर करा, बाकी सगळं नंतर.

काहीजण पुढचा ब्रेक दुखऱ्या हाताकडून चांगल्या हाताकडे घ्यायला सांगतात. आम्ही ते करून देत नाही. ऐनवेळी हात जुन्या सवयीनेच दाबतो.

टायरमधली हवा हा सगळ्यात स्वस्त इलाज. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. सत्तर किलोच्या माणसाला रुंद टायर आणि ट्यूब असताना ३० पीएसआयच्या आसपास पुरते, आणि आमच्याकडे येणाऱ्या कित्येक सायकलींत ५० असते! हवेचा शॉकअप असेल तर नुसतं बसल्यावर तो आपल्या एकूण चालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढा दबायला हवा, म्हणजे १०० मिलिमीटरच्या शॉकअपला २० ते २५. ग्रिप तळहाताकडे पसरट असलेली घ्या, वजन एका बिंदूवर राहत नाही.

हॉस्पिटलचा पट्टा बांधून मात्र सायकल चालवू नका. त्यात मनगट अडकतं आणि हँडल वळवायला खांदा वापरावा लागतो. प्लेट हे चिलखतही नव्हे, पुन्हा पडलात तर तिच्या टोकाशी हाड मोडू शकतं.

जागेचं म्हणाल तर सुरुवात संगम माहुलीच्या बाजूला सपाट रस्त्यावर, पहाटे, स्पीडब्रेकर उभं न राहता हळू ओलांडत. मग यवतेश्वरचा चढ. मग कासचा डांबरी रस्ता, पण फुलांच्या दिवसांत नको, गाड्यांच्या गर्दीत सारखा ब्रेक लागतो. मातीची वाट सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात मुळीच नाही, ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, सायकल घालायची नाही हे वेगळं सांगायला नको. २०१२ साली तो जागतिक वारसा यादीत गेला, आणि तिथली माती बोटभरही खोल नसते.

चालवताना करंगळी आणि तिच्याशेजारच्या बोटाला मुंग्या आल्या तर तळहाताच्या कडेची नस दबतेय, आमच्याकडे या, हँडल उंच करू. अंगठा आणि पहिली दोन बोटं रात्री बधिर होत असतील, किंवा हात सुजून जळजळतो, रंग बदलतो, तर सायकल ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

सायकल जुळवायला साधारण तासभर लागतो. येताना रोजचे हातमोजे आणि बूट आणा. आणि जमलं तर संध्याकाळी या. सकाळी हात ताजा असतो, सगळं ठीकच वाटतं. दिवसभर वापरून दमलेला हात आम्हाला बघायचा असतो, कारण घाटाच्या शेवटच्या वळणावर तोच हात ब्रेकवर असणार आहे.