नवसागर घालून समुद्र

शंभर लिटर खाऱ्या पाण्यात साधारण ०.६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं, की अमोनियाचं प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी पांढरी चिमूट. या पुडीला मराठीत जुनं नाव आहे, नवसागर. ते नाव काही समुद्रावरून पडलेलं नाही. पण काचेच्या पेटीत नवा सागर, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, उभा करताना पाण्याला पहिला घास द्यायचा तो नवसागराचा, हा योगायोग मला फार आवडतो.

त्या वेळी टँकमध्ये मासा नसतो. खडक असतात, वाळू असते, हीटर आणि पाणी फिरवणारा पंप असतो, आणि पाण्यात आपणच मुद्दाम कालवलेलं विष असतं. हे असं चार-सहा आठवडे चालतं. घरी येणारा प्रत्येक जण टँकपुढे वाकतो, खडकांमागे डोकावतो आणि विचारतो, "मासे कुठे आहेत?" या काळाला 'टँक सायकल करणं' म्हणतात. सायकल इथे नायट्रोजनचं चक्र या अर्थाने. मासा येण्याआधी त्याचा अमोनिया खाणारे सूक्ष्मजीव टँकमध्ये वसवून घ्यायचे.

मासा प्रथिनं खातो आणि त्यातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. खुल्या समुद्रात तो कुठल्या कुठे पातळ होऊन जातो. पेटीत मात्र तेच पाणी पुन्हा त्याच कल्ल्यांतून जातं. त्यात खाऱ्या पाण्याची एक जास्तीची अडचण आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एकावर विद्युतभार असतो, तो अमोनियम, आणि तो तुलनेने निरुपद्रवी. दुसरा भाररहित अमोनिया, तो कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरतो. दोघांचं आपसातलं प्रमाण पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे यावर, ठरतं. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात भाररहित हिस्सा शेकड्याला एकही भरत नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि तिथे तोच हिस्सा पाच ते आठ टक्क्यांवर जातो. पाणी तपासायच्या किटवर आकडा तोच दिसतो, पण विष दहापट.

पूर्वी हे विष माशाकडूनच तयार करून घेत. डॅमसेल नावाचे छोटे, चिवट मासे नव्या टँकमध्ये सोडायचे, ते जगले तर टँक तयार झाला म्हणायचं. जे जगायचे त्यांचेही कल्ले जळलेले असायचे. वर डॅमसेल स्वभावाने भांडखोर. महिनाभरात सगळी पेटी आपल्या नावावर करून बसलेला तो मासा पुढच्या प्रत्येक पाहुण्याला हुसकावायचा, आणि त्याला जाळीत पकडायचं तर सगळे खडक उपसावे लागायचे. चिमूटभर नवसागर तेच काम करत असताना मासा पणाला लावण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

विष घातलं, आता ते खाणारे हवेत. इथे १८७७ साली फ्रान्समध्ये झालेला एक प्रयोग सांगायलाच हवा. तेओफिल श्लोझिंग आणि अशिल म्युन्त्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी अगदी संथपणे सोडलं. वीस दिवस खालून निघणाऱ्या पाण्यात अमोनिया जसाच्या तसा येत राहिला. मग त्यात नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया घटत गेला. हा बदल निव्वळ रासायनिक असता तर पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. वीस दिवस कसले लागले? काहीतरी वाढायला लागले. खात्री करायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद, अमोनिया पुन्हा सुरू. क्लोरोफॉर्म काढून घेतल्यावरही गाडी आपणहून सुरू झाली नाही. बागेतली माती धुतलेलं थोडं पाणी वरून ओतलं, तेव्हा काही दिवसांनी नायट्रेट परत आलं.

नव्या टँकमध्ये आपण हाच प्रयोग पुन्हा करत असतो. वाळू तीच, चुनखडीच्या जागी त्याच कुळातल्या अ‍ॅरागोनाइटचे खडक, सांडपाण्याच्या जागी नवसागर, आणि वीस दिवसांची ती वाटही तशीच.

वाट एवढी लांब का, ते अमोनिया खाणाऱ्या या जिवाणूंच्या पोटात आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिलं, की हे जीव सेंद्रिय अन्न खातच नाहीत. अमोनियाचं ऑक्सिडीकरण करून जी ऊर्जा मिळते तिच्यावर ते पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधतात. त्या काळी जिवाणू जिलेटिनवर वाढवायची पद्धत होती. जिलेटिन म्हणजे शुद्ध प्रथिन, त्यावर हे उगवेनात. शेवटी त्यांनी सिलिकाची जेल वापरली. अमोनियातून मिळणारी ऊर्जा बेताची आणि कार्बन बांधण्याचा खर्च मोठा, त्यामुळे वाढ सावकाश. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. हे जिवाणू दुप्पट व्हायला चांगला दिवसभर घेतात. एकाचे दहा लाख व्हायला वीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. ई. कोलायला त्याला सात तासही लागत नाहीत, यांना वीस दिवस लागतात.

गंमत म्हणजे हे काम करणारे सगळे जिवाणूच आहेत असं शंभरेक वर्षं मानलं जात होतं. २००५ साली 'नेचर'मध्ये एका नव्या जीवाची माहिती आली, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. हा जिवाणू नाही, आर्किया आहे, म्हणजे सजीवांच्या वेगळ्याच शाखेतला. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अमोनियावर जगणारा आर्किया वेगळा करून वाढवण्यात पहिल्यांदाच यश आलं होतं, आणि त्याचे नातेवाईक महासागरात सर्वत्र आहेत हे आता ठाऊक आहे. पण तो सापडला कुठे, तर सिएटल अ‍ॅक्वेरियममधल्या उष्ण समुद्राच्या टँकच्या तळातल्या खड्यांत. समुद्रातल्या नायट्रोजनचा एवढा मोठा कारभारी मत्स्यालयाच्या गाळात सापडावा!

दुसऱ्या पायरीची गोष्टही अशीच. अमोनियापासून नायट्राइट झालं की नायट्राइटचं नायट्रेट करणारी दुसरी मंडळी लागतात. पुस्तकांत कायम नायट्रोबॅक्टर हे नाव असायचं. टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टँकमध्ये शोधलं, तेव्हा नायट्रोबॅक्टर सापडला नाही, काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करत होते. बाटलीतले जिवाणू विकत घेताना हे लक्षात ठेवावं. नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करणारे, जिवाणू बीजाणू करत नाहीत, म्हणजे सुकून, निपचित पडून वर्षानुवर्षं टिकण्याची सोय त्यांच्याकडे नाही. बाटलीत जिवंत जिवाणू हवेत, तेही गारव्यात ठेवलेले आणि मुदतीतले. 'बीजाणूयुक्त' असं लिहिलेली बाटली गाळ कुजवायला मदत करील, अमोनियाला हात लावणार नाही.

आता टँककडे. पाणी आरओचं घ्यावं, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो. मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ पाण्यात टाकावं, मिठावर पाणी ओतू नये, आणि पंप लावून रात्रभर फिरू द्यावं. क्षारता, म्हणजे खारटपणा, हजारी ३५, तापमान २५ ते २७ अंश. दिवे बंद. प्रकाश या जिवाणूंच्या वाढीत अडथळा आणतो, आणि शैवालाला मात्र आयतं आमंत्रण मिळतं. पंप चोवीस तास चालू हवा. अमोनियाच्या रूपातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन खर्च होतो.

खडक दोन प्रकारचे. लाइव्ह रॉक समुद्रातून किंवा चालू टँकमधून येतो आणि जिवाणू सोबत आणतो. वाटेत त्यावरचे स्पंज आणि किडे मेले असतील तर अमोनियाही आणतो, मग वेगळा नवसागर लागतच नाही. ड्राय रॉक म्हणजे नुसता सांगाडा, सगळं शून्यापासून. मला दुसरा बरा वाटतो. वेळ जास्त जातो, पण नको असलेला खेकडा किंवा काचेला चिकटणारा, फुलासारखा दिसणारा जीव, अ‍ॅनेमोनी चोरवाटेने घरात येत नाही. सोललेली कोळंबी टाकून कुजवायची एक जुनी रीतही आहे. चालते, पण किती अमोनिया निघेल याचा हिशेब राहत नाही, फॉस्फेट वाढतं आणि चौथ्या दिवशी खोलीत बसवत नाही.

पहिली मात्रा घालून तासाभराने चाचणी करावी. काचेच्या छोट्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात दोन बाटल्यांतले थेंब मोजून, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं, असेल तर हिरवं होत जातं. आठवडाभर तो हिरवा हलत नाही. नवा माणूस इथेच घाबरून आणखी काहीतरी ओततो. ओतू नये. मग एका सकाळी हिरवा थोडा फिका वाटतो, दिवसाउजेडात पांढऱ्या कागदावर धरून पुन्हा पाहिलं तरी फिकाच, आणि त्याच दिवशी नायट्राइटच्या नळीत जांभळट गुलाबी चढलेला असतो. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती नळी दाखवली होती. कुणावर काही परिणाम झाला नाही.

पुढचा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. अमोनिया दिवसात संपू लागतो आणि नायट्राइट मात्र जांभळं होऊन बसतं. इथे तीन गोष्टी माहीत असल्या तर झोप नीट लागते. एक, नायट्राइट असताना नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. बहुतेक किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करतात आणि मग ते मोजतात, त्यामुळे पाण्यातलं नायट्राइटही त्यातच धरलं जातं आणि आकडा उगाच फुगतो. दुसरं, खाऱ्या पाण्यात नायट्राइटची भीती गोड्या पाण्याइतकी नाही. नायट्राइट ज्या वाटेने कल्ल्यात शिरतं तीच क्लोराइडचीही वाट आहे, आणि समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्लोराइड १९ ग्रॅम असतं. त्या गर्दीत नायट्राइटला आत जायला जागा मिळत नाही. तिसरं, गाडी खरोखर अडलीच असेल तर फॉस्फेट पाहावं. आरओचं पाणी आणि कोरा खडक यांत ते जवळजवळ नसतं, आणि पेशी बांधायला ते लागतंच. चिमूटभर मत्स्यखाद्य टाकलं की पुष्कळदा काम भागतं.

अमोनिया जास्त घालून वेळ वाचत नाही. माझ्या पहिल्या टँकला मी उत्साहाच्या भरात दुप्पट-तिप्पट मात्रा दिली होती. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर अमोनिया गेला की नायट्राइट खाणारे जिवाणूच दबतात, हे मला नंतर कळलं. अर्धं पाणी बदलून पुन्हा वाट पाहावी लागली. पाणी बदलल्याने जिवाणूंची वसाहत मात्र जात नाही, कारण ती खडकाला, वाळूला, फिल्टरला चिकटून असते. पाण्यात तिचा अगदी थोडा अंश तरंगतो.

अल्कलिनिटीवरही, म्हणजे आम्ल झेलण्याच्या पाण्याच्या ताकदीवरही, लक्ष असावं. नायट्रीकरणात आम्ल तयार होतं, आणि अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी खर्च होते. अ‍ॅरागोनाइट ही भरपाई करील असं वाटतं, पण पीएच ८ च्या वर तो फारसा विरघळत नाही. पीएच घसरला तर जिवाणू मंदावतात. खाण्याचा सोडा थोडा थोडा घालून सावरता येतं.

टँक तयार झाला हे कॅलेंडर पाहून ठरवू नये. रात्री लिटरला २ मिलिग्रॅम होईल एवढा नवसागर घालायचा आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी दोन्ही नळ्या तपासायच्या. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. अशी परीक्षा दोनदा उतरली की झालं. मधल्या काळात काचेवर तपकिरी साय धरली तर पुसायची, ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असतात आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की बहुतेक आपोआप ओसरतात. नायट्रेट तोवर बरंच साठलेलं असतं, एक मिलिग्रॅम अमोनियामागे साधारण साडेतीन मिलिग्रॅम. म्हणून माशाआधी एकदा मोठं पाणी बदलायचं. खडकाच्या आतल्या, ऑक्सिजन न पोचणाऱ्या छिद्रांत नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे जिवाणूही असतात, पण त्यांना रुळायला आणखी महिने लागतात.

पहिल्यांदा एखाद-दुसराच लहान मासा आणावा. एवढ्याशा माशाचा अमोनिया रोजच्या चिमटीपेक्षा कमीच असतो, त्यामुळे वसाहतीवर ताण येत नाही. मासा मिळायला उशीर झाला तर टँक उपाशी ठेवू नये, दोन-तीन दिवसांनी निम्मी चिमूट टाकत राहावी. मासा पाण्यात उतरला की नवसागराची बरणी कपाटात.