घाटात घोळका का फुटतो?

मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायची तर खोपोलीच्या वर, शिंग्रोबाच्या देवळाजवळ उभं राहावं. सपाट रस्त्यावर शर्यत बघण्यात फारसं काही हाती लागत नाही. रंगीत जर्सींचा एक झोत येतो, चेनचा सरसर आवाज होतो आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं निघून जातं. घाटात मात्र प्रत्येकाचा चेहरा दिसतो, श्वास ऐकू येतो. आणि खोपोलीपर्यंत एकसंध आलेला तो घोळका इथे डोळ्यांदेखत फुटतो. आधी दोन-तीनजण सुटतात, मग पाच-सहांची तुकडी, मग लांबलचक विखुरलेली रांग.

एका वर्षी माझ्या शेजारी उभे असलेले एक काका एका उंच, दणकट गड्याकडे बोट दाखवून म्हणाले, “याच्या मांड्या बघा. घाटाचा राजा हाच होणार.” (घाटमाथ्यावर पहिला पोचणाऱ्याचा हा किताब.) तीन वळणांत तो गडी मागे पडला आणि त्याच्या खांद्यालाही न पोचणारा एक किडकिडीत पोरगा पुढे निघून गेला. काका हळहळले, “दम नाही हो त्याच्यात.” मला तेव्हापासून हे लिहायचं होतं. दम त्याच्यात भरपूर होता. बदलला होता तो त्याचा प्रतिस्पर्धी. पनवेलपासून तो हवेशी झुंजत होता, खोपोलीनंतर गाठ पडली गुरुत्वाकर्षणाशी.

आधी हवेचं बघू. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. पण सायकलवाल्याच्या पायाला मोजावी लागते ती शक्ती, म्हणजे विरोध गुणिले वेग. त्यामुळे हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर शक्ती आठपट! ६० किलोचा सायकलपटू आणि ८ किलोची सायकल घ्या. वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने एकट्याने जायला त्याला साधारण ३०० वॅट लागतात. त्यातले सुमारे २६० वॅट एकट्या हवेला बाजूला सारण्यात जातात. उरलेले टायर आणि रस्त्याच्या घर्षणात.

आता तोच गडी दुसऱ्याच्या चाकाला चिकटून चालला तर? पुढच्याने हवा फाडलेली असते, त्याच्या पाठीमागे कमी दाबाचा, त्याच्याच दिशेने ओढला जाणारा हवेचा पट्टा तयार होतो. त्या आडोशात मागच्याचा हवेचा खर्च सहज ३० टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे जवळजवळ ८० वॅटची बचत. मोठ्या घोळक्यात तर कमालच होते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठातले संशोधक बर्ट ब्लॉकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला, संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात छोट्या प्रतिकृती ठेवूनही. घोळक्याच्या मधल्या-मागच्या भागात हवेचा विरोध एकट्या सायकलपटूच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के उरतो, असं त्यात दिसलं. पुढचा माणूस ३०० वॅट ओततोय आणि आत बसलेला त्याच वेगाने जवळपास फुकटात येतोय. (प्रत्यक्षात वळणं, ब्रेक आणि पुन्हा वेग घेणं यांत त्याचेही पाय दुखतातच.) घोळका एकत्र राहतो तो मैत्रीमुळे नव्हे, तर बाहेर पडणं परवडत नाही म्हणून.

खोपोली संपते, चढ लागतो, आणि हा सगळा हिशेब कोलमडतो.

शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरू. वेग ताशी १८ किलोमीटरवर येतो, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दर सेकंदाला सायकलपटू स्वतःला आणि सायकलला मिळून ३० सेंटिमीटर वर उचलतो. ६८ किलो गुणिले ९.८ गुणिले ०.३, म्हणजे २०० वॅट फक्त उचलण्याचे. टायरचे १७. आणि हवेचे? वेग ०.४५ पट झाला, त्याचा घन ०.०९. म्हणजे २६० चे राहिले २४ वॅट. आता दुसऱ्याच्या चाकाला कितीही चिकटा, ३० टक्के बचत म्हणजे जेमतेम ७ वॅट! सपाटीवर ८०, घाटात ७. मला या दोन आकड्यांइतकं सुंदर या खेळात दुसरं काही वाटत नाही. हवेच्या आडोशाला लपता येतं, गुरुत्वाकर्षणापुढे आडोसाच नसतो. वाण्याच्या दुकानातली पाटी इथे प्रत्येकाला लागू होते: आज रोख, उद्या उधार.

लोणावळ्याला रेल्वेने जाणाऱ्यांनी कर्जतचा हिसका अनुभवलेला असतो. बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात, कारण बोरघाटातला लोहमार्ग ३७ मीटरला एक मीटर चढतो. १८६३ पासून गाड्या हा घाट चढताहेत आणि आजही बहुतेकींना मागून ढकलावं लागतं. सायकलवाला त्याच्या दुपटीहून तीव्र चढ एकट्याच्या पायांवर चढतो.

आता त्या दणकट गड्याकडे येऊ. समजा तो ८० किलोचा आहे. किडकिडीत पोरापेक्षा वजन ३३ टक्के जास्त. पण हवेला भिडतो तो शरीराचा पृष्ठभाग, वजन नव्हे, आणि पृष्ठभाग वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. लांबी दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट आणि घनफळ आठपट होतं, तोच हा नियम. त्यामुळे त्याचा हवेचा खर्च जास्तीत जास्त २०-२२ टक्क्यांनी वाढतो, आणि मोठ्या स्नायूंमुळे सपाटीवर तो भारी पडतो. घाटात मात्र त्याच वेगासाठी त्याला उचलण्याचेच २०० ऐवजी जवळजवळ २६० वॅट मोजावे लागतात. फुप्फुसं आणि हृदय स्नायूंना जो प्राणवायू पुरवतात, तो वजनाइतका वाढत नाही. म्हणून घाटात मोजायचे ते नुसते वॅट नाहीत, किलोमागे किती वॅट ते. काकांनी मांड्या बघितल्या, त्यांनी भागाकार करायला हवा होता.

गिअरबद्दलचा एक समज जाता जाता. हलका गिअर टाकला म्हणजे काम कमी होत नाही. पायाला जोर कमी लागतो, पण पॅडल तितकेच जास्त वेळा फिरवावे लागतात. घाटमाथ्यापर्यंतची उंची तीच राहते. सुमारे ४८० मीटर उंची गाठायला आपल्या ६० किलोवाल्याला ३२० किलोज्यूल काम करावं लागतं. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग कामात बदलतात, म्हणजे खर्च ३०० किलोकॅलरी, साधारण एक वडापाव. उरलेल्या तीन चतुर्थांशाची उष्णता होते. चढताना शरीर ७०० वॅटच्या आसपास तापत असतं, घरातल्या साध्या इस्त्रीइतकं. त्यात वेग कमी, म्हणून वाराही कमी. ती उष्णता घालवायला तासाला लिटरभर घाम वाफ होऊन उडावा लागतो. रस्त्याकडेची पोरं बाटलीतलं पाणी सायकलपटूंच्या डोक्यावर ओततात, ते अगदी योग्य करतात.

याच वळणांवर काही मनगटांवर चुंबकाची कडी दिसतात. रक्तातल्या लोहाला चुंबक ओढतो आणि रक्ताभिसरण वाढतं, असं सांगून ती विकली जातात. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलंच जात नाही, उलट अगदी किंचित दूर ढकललं जातं. हे १९३६ मध्येच मोजून झालेलं आहे. होतकरू पोरांनी आपले पैसे यात घालू नयेत, मला खरंच वाईट वाटतं. तीच गोष्ट लाखभर जास्त मोजून एक किलो हलकी सायकल घेण्याची. ६८ किलोतला एक किलो म्हणजे दीड टक्का. आठ किलोमीटरच्या या चढात वाचतात २० सेकंदांच्या आसपास. अव्वल दोघांमध्ये तेवढाच फरक असेल तर ते मोलाचे. बाकीच्यांनी आधी पुरेशी झोप आणि पोटभर जेवण यांचा विचार करावा.

घाटाचा राजा ठरतो आणि खंडाळा-लोणावळा मागे पडतं. पुढे कामशेत, वडगाव, तळेगाव, बहुतेक सपाट रस्ता. वेग पुन्हा चाळिशीत जातो आणि हवेचा घन परत येतो. पुढे एकटा निघालेला किडकिडीत पोरगा आता ३०० वॅट एकट्याने भरतोय. त्याच्या मागे घाटात सुटलेले चार-पाचजण एकत्र आलेत, आळीपाळीने पुढे येऊन वारा घेताहेत आणि उरलेला वेळ आडोशात श्वास सावरताहेत. त्यांच्यात ८० किलोचा तो दणकट गडीही असू शकतो. त्याची पुढे यायची पाळी आली की बाकीच्यांना सगळ्यात रुंद आडोसा मिळतो.