हौशी मत्स्यपैदास आणि २०१७ ची नियमावली : पार्श्वभूमी

घरच्या टाकीत माशांची पिल्ले वाढवणाऱ्या मंडळींमध्ये कायद्याचा विषय निघाला की बोलणे हटकून २०१७ सालाशी येऊन ठेपते. त्या वर्षी मे महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचा आधार घेऊन, मत्स्यालये आणि शोभिवंत माशांची दुकाने यांच्यासाठी एक नियमावली अधिसूचित केली. जनावरांच्या बाजारांविषयीची नियमावलीही त्याच महिन्यात आली आणि देशभरातली सगळी चर्चा तिनेच व्यापून टाकली. त्यामुळे माशांविषयीच्या नियमांकडे सुरुवातीला फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि गेले तेव्हा मुंबईपासून चेन्नईपर्यंत या धंद्यातले आणि छंदातले लोक एकदमच हवालदिल झाले. पुढे ही नियमावली मागे घेतली गेली. तरीही तिने जो प्रश्न ऐरणीवर आणला तो सुटलेला नाही, म्हणून तिची मागची हकीकत सविस्तर पाहणे गरजेचे वाटते.

करमणूक म्हणून मासे आणि पक्षी यांच्यात रमणे आपल्याकडे जुनेच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांची जी यादी आहे, तिच्यात गळाने मासे धरणे, कोंबड्यांच्या आणि लाव्यांच्या झुंजी, पारवे आणि ससाण्याची शिकार हे सगळे जवळजवळ मांडलेले आहे. मात्र त्या काळचा शौक मासा धरण्याचा होता. काचेआड त्याची वीण लावण्याचा शौक फार अलीकडचा. मद्रासचे सागरी मत्स्यालय १९०९ मध्ये उघडले, तर मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे मत्स्यालय १९५१ मध्ये. गप्पी हा मासा देशात आला तो हौसेसाठी नव्हे, डासांच्या अळ्या खातो म्हणून, १९०८ च्या सुमारास. त्याच कामासाठी गँबुशिया १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला. नगरपालिकांनी विहिरींत आणि हौदांत सोडलेला गप्पी तिथून बरणीत आणि बरणीतून टाकीत गेला, आणि मराठी घरांतल्या कित्येक मुलांनी पाहिलेली पहिली मत्स्यपैदास याच माशाची होती. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लेच देतो. त्यामुळे त्यासाठी कसली खटपटही करावी लागत नव्हती.

खऱ्या अर्थाने पैदाशीचा छंद रुजला तो टाकी स्वस्त झाल्यावर. लोखंडी चौकटीत पुट्टीने बसवलेल्या काचा गंजाने आणि गळतीने सतत त्रास देत. सिलिकॉनने चिकटवलेल्या नुसत्या काचेच्या टाक्या आल्या आणि हे चित्र पालटले. मुंबईत कुर्ल्याची दुकाने आणि क्रॉफर्ड मार्केट, कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, चेन्नईत कोळत्तूरची पैदासकेंद्रे अशी या व्यवहाराची ठिकाणे ठरत गेली. महाराष्ट्रात २००५ च्या आसपासची भारनियमनाची वर्षे या छंदाला वेगळे वळण देणारी ठरली, असे माझे मत आहे. तासन् तास वीज नसली की एअर पंप बंद, आणि पंपावर विसंबलेल्या टाक्यांतले मासे वर येऊन धापा टाकत. फायटर आणि गुरामी यांना मात्र पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेता येतो. त्यामुळे लहान गावांतल्या हौशी मंडळींनी याच माशांवर हात बसवला.

फायटरची वीण लावण्याची पद्धत त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. पसरट टबात चार-पाच इंच पाणी घ्यायचे, त्यात देशी बदामाचे वाळलेले पान टाकायचे आणि पाण्याला चहासारखा रंग चढू द्यायचा. नर त्या पानाच्या कडेखाली लाळेच्या बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादी आधी पारदर्शक बाटलीतून दाखवायची, घरटे भरले की मोकळी सोडायची. नर तिला विळखा घालतो, अंडी खाली पडू लागतात, आणि नर ती तोंडाने टिपून एकेक करून बुडबुड्यांत ठेवतो. हे आटोपले की मादीला ताबडतोब काढावे लागते, नाहीतर नर तिला फाडून काढतो. दीड-दोन दिवसांत पिल्ले शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळताना दिसतात आणि त्यानंतर दोनेक दिवसांत आडवी पोहू लागतात. त्या घटकेला नरही काढायचा. सुरुवातीला केळीची साल कुजवून तयार केलेले सूक्ष्मजीवांचे पाणी आणि मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसदृश जीवाची अळी हा त्यांचा आहार. आर्टेमियाची अंडी उलट्या टांगलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत, मिठाच्या पाण्यात आणि सतत हवेखाली, साधारण चोवीस तासांत फुटतात. यातली कुठलीही पायरी चुकली तर आठवड्याभरात टब रिकामा होतो, म्हणून या कामाला नुसती हौस पुरत नाही.

नियमावलीचा तिढा नेमका इथे आहे. फायटर काय किंवा एंजल काय, एका विणीत शेकड्यांनी अंडी देतात. पिल्ले जगवण्यात हात बसलेल्या माणसाकडे दोन-तीन महिन्यांत घरात मावणार नाहीत इतके मासे होतात, आणि तो ते जवळच्या दुकानदाराला देतो, कधी पैशांवर, कधी खाद्य किंवा फिल्टरच्या बदल्यात. नियमावलीचा रोख दुकानांवर आणि मत्स्यालयांवर होता. घरात टाकी ठेवणाऱ्याला तिने थेट हात लावला नव्हता. परंतु हा माणूस हौशी की व्यापारी, याचे उत्तर तिच्यात मिळत नव्हते. नोंदणी, तज्ज्ञाची नेमणूक आणि तपासणी यांच्या अटी ज्या दुकानावर पडणार होत्या, ते दुकान उद्या कागदपत्र नसलेल्या घरगुती पिल्लांची पिशवी कशाला घेईल? ही भीती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा यादीचा. नियमावलीला जोडलेल्या अनुसूचीत १५८ जाती होत्या आणि त्या पकडणे, टाकीत ठेवणे, विक्रीसाठी मांडणे यांना मनाई होती. प्रवाळभागांतल्या क्लाउनफिशसारख्या जाती त्यात होत्या. सायनाइड किंवा स्फोटके वापरून, प्रवाळ उद्ध्वस्त करून मासे धरण्याला नियमावलीचा विरोध होता आणि तो रास्तच होता. पिचकारीतून सायनाइड मारून गुंगी आणलेला मासा दिसायला धडधाकट असला तरी अनेकदा टाकीत काही आठवडेही काढत नाही. कृत्रिम रंग टोचलेले मासे मत्स्यालयांत ठेवण्यासही तिने मज्जाव केला होता, आणि त्याबद्दल कुठल्याही चांगल्या पैदासकाराने आभारच मानायला हवेत. परंतु ज्या क्लाउनफिशची बंदिस्त पैदास भारतातल्याच सागरी संशोधन केंद्रांनी, तमिळनाडूतल्या परंगीपेट्टैसह, त्याआधीच साध्य केली होती, त्यालाही प्रवाळातून ओरबाडलेल्या माशाच्याच रांगेत बसवले गेले. पुढे आपल्या ऐरोलीतही कांदळवनाच्या कामाशी जोडलेल्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास होऊ लागली. एकच जात, एक समुद्रातून ओढून काढलेली आणि दुसरी टाकीतच अंड्यातून निघालेली. या दोहोंत फरक करणारी तरतूद अनुसूचीत असती, तर विरोधाची धार बरीच कमी झाली असती असे वाटते.

असा फरक करता येतो हे पक्ष्यांच्या बाबतीत दिसून आले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतरही देशी पक्ष्यांचा व्यापार परवान्याखाली बराच काळ चालू होता. १९९० च्या सुमारास निर्यात थांबली आणि १९९१ च्या दुरुस्तीने देशांतर्गत व्यापारही बंद झाला. तेव्हापासून कंठवाला पोपट, मुनिया, मैना यांना पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरले. हा निर्णय कठोर होता, पण त्याची रेघ स्पष्ट होती, आणि पक्षी पाळणारे हळूहळू बजरीगर, कॉकटेल, फिंच आणि लव्हबर्ड यांच्याकडे वळले. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण त्या देशाने १९६० च्या सुमारासच आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केल्यामुळे आज आपल्याकडे मडक्यात अंडी घालणारी प्रत्येक जोडी पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्यांची संतती आहे. अनेक घरांत मासे आणि पक्षी हे छंद शेजारीशेजारीच चालतात, आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्यासमोर जो प्रश्न कायद्याने मिटवला तोच टाकीसमोर अनिर्णित का, हे या मंडळींना कळत नाही.

अर्थात, पैदास केलेला प्राणी म्हणजे निर्धोक प्राणी असेही नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण गळ टाकणाऱ्यांच्या बाजूने येते. निळ्या परांचा महसीर शास्त्रीय नोंदीत आला तो १८३९ मध्ये, पुण्याच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून. धरणे आणि प्रदूषण यांनी तो घटत चालला तेव्हा, १९७० च्या दशकात, एका वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण तलावाजवळ त्याची पैदास सुरू केली. पावसाळ्यात पिकलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी पसरट भांड्यात काढायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे आणि ती अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवायची, असे ते काम आजही चालते. तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, वेगवेगळ्या राज्यांत गेली, त्यांत कावेरीतही गेली, कारण तिथे महसीरसाठी देशोदेशीचे हौशी गरवायला येत असत. हा मासा कावेरीत झपाट्याने वाढला. त्याच काळात कावेरीचा स्वतःचा पाठीला उंचवटा असलेला महसीर दिसेनासा होत गेला. हे लक्षात आले ते गळ टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवरून. मासा धरून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या या लोकांनी जात आणि वजन लिहून ठेवले नसते, तर हा बदल इतक्या स्पष्टपणे दाखवता आला नसता. कावेरीच्या या महसीरला २०१८ मध्ये त्याची निश्चित शास्त्रीय ओळख मिळाली आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला, तर लोणावळ्याचा निळ्या परांचा महसीर २०२० मध्ये संकटग्रस्त वर्गातून बाहेर आला. एकाच हॅचरीच्या कामाची ही दोन फळे आहेत. पैदास करणे हे एक कौशल्य आहे आणि पैदास केलेले कुठे सोडायचे हा वेगळा निर्णय आहे, हे इथे दोन्ही अंगांनी दिसते. टाकीतले शेवाळ खायला पाळले जाणारे सकर मासे उजनीच्या जाळ्यांत सापडणे हा त्याच निष्काळजीपणाचा घरगुती टाकीतून सुरू झालेला प्रकार, आणि यासाठी आम्हा हौशी लोकांना कुणी बोल लावला तर तो ऐकून घ्यावा लागेल.

नियमावली मागे घेतल्यानंतर २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी जे नियम आले, त्यांतल्या पाळीव प्राण्याच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर आणि व्यापारास परवानगी असलेले पक्षी आहेत, मासे नाहीत. म्हणजे जाचक यादी गेली, पण तिच्याबरोबर टाकीचे आकारमान, पाण्याची देखभाल, वाहतूक यांविषयीची किमान शिस्तही गेली. एका अर्थाने आपण पहिल्या जागी परतलो, आणि अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या डबीत आठवडाभर ठेवलेला फायटर आजही दुकानाच्या फळीवर दिसतो.

त्यानंतरची पावले परदेशी प्रजातींच्या नोंदणीकडे वळली आहेत. जून २०२० मध्ये केंद्राने अशा जिवंत प्राण्यांच्या स्वेच्छा-घोषणेची मुभा दिली. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारातल्या प्रजाती वन्यजीव अधिनियमात आल्या आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. टाकीवाल्यांपैकी प्रामुख्याने आशियाई अरोवाना ठेवणाऱ्यांना ते लागू पडतात, तर पक्षीवाल्यांमध्ये मात्र त्यांनी बराच गोंधळ उडवला. साइट्सच्या याद्यांतून बजरीगर, कॉकटेल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड वगळलेले आहेत, परंतु फिशर जातीचा लव्हबर्ड त्यांत आहे. त्यामुळे एकाच पिंजऱ्यात शेजारी बसलेल्या दोन पक्ष्यांपैकी एकाची नोंद करावी लागते आणि दुसऱ्याची नाही. पिल्लू झाले तरी नोंद, दुसऱ्याला दिले तरी नोंद, असा हा व्यवहार आहे. गप्पी, मॉली, एंजल, फायटर यांची पैदास करणाऱ्याकडे मात्र हा मासा आपल्या घरच्या टाकीत जन्मला असे दाखवणारा कुठलाही अधिकृत कागद नाही, आणि तो देण्याची व्यवस्था २०१७ च्या नियमांत नव्हती तशी आजही नाही.