सगळे जीन स्वतःच क्लोन करायचे का?

मे महिन्यात जळगावला पारा ४५ च्या पुढे गेला की आपण पंख्याखाली पडून राहतो, पण ३७ डिग्रीला २० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूलाही ४५ जडच जातं. मग एमएस्सीच्या पोरांना प्रश्न पडतो, कुठला जीन जादा चालवला तर हा गडी उन्हाळ्यात तग धरेल? एकेक करून बघायचे म्हटले तर १९९७ ला वाचलेल्या, ई. कोलायच्या के-१२ या लॅबमधल्या वाणाच्या जिनोममध्ये (सगळ्या डीएनएत) प्रोटीनचे जीनच ४,२८८. बठ्ठे क्लोन करता करता पीएचडी संपायची.

जुना उपाय म्हणजे जिनोमचे तुकडे करून प्लाझ्मिडमध्ये (जीवाणूत राहणाऱ्या डीएनएच्या छोट्या गोल कड्यात) भरायचे, पण तुकडे कुठेही तुटतात, त्यामुळे २०,००० अक्षरांचे तुकडे घेतले तरी हवा तो जीन सापडायची ९९ टक्के खात्री पाहिजे तर हजारावर क्लोन (एकेक तुकडा घेतलेले जीवाणू) लागतात, आणि एका तुकड्यात वीसेक जीन, काम कोणी केलं ते परत शोधा!

आपल्याकडे केळीचे कंद निवडत बसायच्या ऐवजी टिश्यू कल्चरची तयार रोपं घेतात ना (तीही क्लोनच), तसंच इथेही तयार माल मिळतो. जपानची आस्का लायब्ररी, म्हणजे तयार क्लोनचा संच, २००५ ची, त्यात जवळजवळ प्रत्येक जीन वेगळ्या प्लाझ्मिडमध्ये, आयपीटीजी हे रसायन टाकलं की जीन चालू. कुठला जीन ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये कुठे बसलाय हे यादीत लिहिलेलं असतं. आमच्या प्रश्नाला हीच पाहिजे. बरेच जण चुकून केयो कलेक्शन हा दुसरा संच मागवतात, त्यात ३,९८५ जीन एकेक करून काढून टाकलेत, म्हणजे उलटा प्रश्न, कोण नसलं तर मरतो. आधी प्रश्न ठरवा, मग मेल करा.

मागवताना मटेरियल ट्रान्सफरच्या (एका लॅबचा माल दुसरीला देण्याच्या) करारावर संस्थेची सही लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो. ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉल घालून गोठवलेले क्लोन) उणे ८० ला ठेवायचे, पण आमच्याकडे लाइट गेली की पहिलं लक्ष त्या फ्रीजरकडे, म्हणून दुसरी कॉपी दुसऱ्या फ्रीजरात पाहिजेच. आणि जिंकलेला क्लोन सापडला तरी लगेच पेढे वाटू नका, शेजारच्या खड्ड्यातला थेंब उडून गल्लत होते, प्लाझ्मिड काढून सीक्वेन्स करा (त्यातली डीएनएची अक्षरं वाचून घ्या), रिकाम्या प्लाझ्मिडवालाही सोबत ४५ ला ठेवा. तोही तितकाच जगला तर कमाल जीनची नाही.