डिजिटल कलेचे रसग्रहण (शालेय अध्यापन)

संगणकाच्या साहाय्याने घडलेल्या कलाकृती बारकाईने पाहून त्यांचा अर्थ लावायला आणि त्यांवर लिहायला सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवण्याची पद्धत. अमेरिकेच्या २०१४ च्या राष्ट्रीय कलाशिक्षण मानकांत माध्यमकलांना (चित्रपट, ॲनिमेशन, संगणकीय कला इ.) नृत्य, नाट्य, संगीत व दृश्यकलांच्या पंक्तीत बसवले गेले. निर्मितीबरोबरच कलाकृतीला प्रतिसाद देणे हाही या मानकांचा एक भाग आहे.

अध्यापनाची चौकट मात्र डिजिटल कलेसाठी बनलेली नाही. कलाशिक्षणतज्ज्ञ एडमंड फेल्डमन यांच्या वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि मूल्यमापन या चार पायऱ्या चित्र-शिल्पांसाठीही वापरल्या जातात. ॲबिगेल हाउसेन व फिलिप येनावाइन यांच्या पद्धतीत शिक्षक तीनच प्रश्न विचारतात : या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? आणखी काय सापडतंय? लेखनाच्या दृष्टीने खरे काम दुसरा प्रश्न करतो. ‘भारी आहे’ असे लिहून मोकळा होणारा विद्यार्थी ‘कशावरून?’ म्हटल्यावर पुन्हा चित्राकडे वळतो.

जर्मन कलावंत गेओर्ग नेस यांचे १९६८ च्या सुमाराचे ‘शॉटर’ (खडी) हे रेखाचित्र सुरुवातीला सोयीचे पडते. त्यात एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी आहेत. वरचे चौकोन शिस्तीत उभे आहेत. खाली येता येता ते तिरके होतात, जागा सोडतात, एकमेकांवर चढतात. ‘चौकोन पडतायत’ हे मुले लगेच सांगतात; पण ते वर्णन नव्हे, अर्थ झाला. चौकोन कोणत्या ओळीपासून कलू लागतात, हे पट्टी ठेवून पाहायला लावले की दोन्हींतला फरक न समजावता कळतो. मग नियमाचा प्रश्न येतो. खालच्या ओळींत यदृच्छेला (योगायोगाला) अधिक वाव द्यायचा हे नेस यांनी ठरवले. नेमका कोणता चौकोन किती वळेल हे संगणकाने काढलेल्या यादृच्छिक आकड्यांवर सोडले. ‘हे चित्र काढलं कोणी?’ यावर वर्गात दोन तट पडतात, आणि सातवीच्या मुलांकडून युक्तिवाद लिहून घ्यायला याहून चांगला विषय शोधावा लागत नाही.

कोरी आर्केंजल यांच्या ‘सुपर मारिओ क्लाउड्स’ (२००२) मध्ये ओळखीच्या व्हिडिओ गेममधले निळे आकाश आणि सरकणारे ढग एवढेच दिसते. येथे जे नाही त्याचेही वर्णन करावे लागते. कॅमिल अटरबॅक व रोमी अखितुव यांच्या ‘टेक्स्ट रेन’ (१९९९) मध्ये पडद्यावर पडणारी अक्षरे कॅमेऱ्याने तेथेच दाखवलेल्या प्रेक्षकाच्या प्रतिमेवर येऊन थांबतात. तेथे आपण काय केले आणि त्यावर काय घडले, हे दोन्ही लिहिणे भाग असते. अशी कलाकृती केवळ ध्वनिचित्रफितीवर पाहिली असेल तर लेखात तसे नमूद करून घ्यावे. ‘शॉटर’ही मुळात कागदावर यंत्राने रेखाटलेले आहे, फोनच्या पडद्यासाठी नव्हे.

महाराष्ट्रात एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचा भर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा हाताच्या कामावर राहिला आहे. रसग्रहण लिहिण्याचा सराव मुलांना होतो तो मराठीच्या तासाला, नववी-दहावीत, आणि तोही कवितेचा. चित्रकलेच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी मिळून एखादा तास घेतला, तर तोच सराव सातवीतही सुरू करता येतो.